मास्तरांच्या पँटची दुमड

घड्याळजींच्या उजव्या हातात आत्ता नाणं असायला हवं होतं, आणि ते नव्हतं.

डाव्या हातात नव्हतं ते ठीकच होतं, जादूच तेवढी होती. नाणं डाव्या मुठीत टाकल्यासारखं करायचं, खरं ते उजव्या तळहाताच्या खोबणीत दडवून ठेवायचं, डावी मूठ उघडून रिकामी दाखवायची आणि शेवटी टेबलावरच्या मनगटी घड्याळाच्या डबीतून तेच नाणं काढून द्यायचं. घड्याळजींनी दुकानात गिऱ्हाईक नसताना चार महिने हाच उद्योग केला होता.

शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत, कापड बेतायच्या मोठ्या टेबलाभोवती दर रविवारी सकाळी पाच जण जमत. खोलीचा मालक शिंपी, दातांचे डॉक्टर, बँकेतला कॅशियर, शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले मास्तर आणि घड्याळजी. पाचही जणांना पत्त्यांचं आणि नाण्यांचं वेड. पण त्यामुळेच तिथे जादू करून दाखवणं म्हणजे जिवावरचं काम होतं. साधा माणूस तुम्ही दाखवाल तिकडे बघतो. ही मंडळी तुम्ही दाखवत नाही तिकडे टक लावून बघत. तीन वर्षांत घड्याळजींच्या एकाही जादूला कुणी "अरेच्चा" म्हटलं नव्हतं. फार तर डॉक्टर म्हणत, "अंगठा दिसला."

आज नाणं मास्तरांचं होतं. त्यांनी त्यावर निळ्या शाईने 'म' काढून दिला होता. घड्याळजींनी डावी मूठ उघडली. रिकामी.

"ते राहू द्या," कॅशियर म्हणाला. "उजवा उघडा."

कुठल्याही सभ्य प्रेक्षकाने हे म्हणू नये. पण तोपर्यंत घड्याळजींना उजव्या हातातला हलकेपणा कळला होता. त्यांनी उजवा हात उघडला. तोही रिकामा.



"बाही!" डॉक्टर ओरडले.

घड्याळजींचा सदरा अर्ध्या बाह्यांचा होता. त्यांनी डबी उघडली. तिच्यात तरी नाणं कुठून येणार?

"मग नाणं आहे कुठं?" शिंपी पुढे झुकून म्हणाला.

"मला खरंच माहीत नाही हो," घड्याळजी रडकुंडीला येऊन म्हणाले.

"काय अभिनय आहे!" कॅशियर हळूच म्हणाला. "घाम बघा. खराखुरा घाम आणलाय कपाळावर."

तेवढ्यात मास्तर म्हणाले, "थांबा. माझ्या पायाला काहीतरी टोचतंय." त्यांनी पाय खुर्चीवर ठेवला, पँटच्या खालच्या दुमडीत बोट घातलं आणि नाणं बाहेर काढलं. त्यावर निळा 'म' होता.

"अरेच्चा!" तिघेही एकदम म्हणाले.

"ही दुमड मी शिवलीय," शिंपी छातीवर हात ठेवून म्हणाला. "हिच्यात खिसा नाही, चोरकप्पा नाही, काही नाही!"

घड्याळजी त्या नाण्याकडे बघतच राहिले. सगळ्यांत जास्त आश्चर्य त्यांनाच वाटलं होतं, पण ते सांगायची सोय नव्हती.

त्याच बैठकीत ठरून गेलं, की पुढच्या महिन्यातल्या जादूगारांच्या संमेलनात मंडळातर्फे घड्याळजी उभे राहणार. दरवर्षी हा मान मास्तरांचा असे. "यंदा यांचाच," मास्तर स्वतःच म्हणाले. समोर दोनशे जादूगार, आणि दोनशेच्या दोनशे नको तिकडे बघणारे.

सोमवारी डॉक्टर दुकानात आले. त्यांचं घड्याळ बिनचूक चालत होतं.

"सेल बदलून टाका," ते म्हणाले. मग इकडेतिकडे बघून, "हे बघा, मी तुम्हाला माझा चार एक्क्यांचा खेळ सांगतो. तुम्ही मला दुमडीचं सांगा." आणि घड्याळजी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी सगळं सांगूनही टाकलं. घड्याळजींकडे बदल्यात द्यायला काही नव्हतं. डॉक्टर रागाने लाल होऊन गेले, सेल न बदलताच.

मंगळवारी कॅशियर आला. त्यानेही आपलं एक गुपित आधी ओतलं आणि मग वाट बघत बसला. बुधवारी शिंपी आला. आठवड्याच्या शेवटी घड्याळजींना तिघांच्याही जादू ठाऊक झाल्या होत्या, फक्त स्वतःची नव्हती. डॉक्टरांना वाटत होतं यांनी कॅशियरला सांगितलं, कॅशियरला वाटत होतं डॉक्टरांना सांगितलं. दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले.

घरी घड्याळजींनी आपली पँट खुर्चीच्या पायांना चढवली, दुमड घातली आणि वरून नाणी टाकू लागले. नाणी कपाटाखाली गेली, पाण्याच्या पिंपात गेली, एक बायकोच्या अंगठ्यावर पडलं. दुमडीत एकही गेलं नाही.

"अहो, हे काय चाललंय?" बायकोने अंगठा चोळत विचारलं.

"अगं, मी ते कसं केलं ते शोधतोय."

"म्हणजे तुम्हीच केलंत ना?"

"हो."

"आणि तुम्हालाच माहीत नाही?"

"नाही."

बायकोने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का? दातांच्या नव्हे." मग त्यांचा चेहरा बघून ती मऊ झाली. "सरळ खरं सांगून टाका हो. चुकून पडलं म्हणा. फार तर हसतील."

रविवारी घड्याळजी मन घट्ट करून उभे राहिले. "मंडळी, मी तुम्हाला फसवतोय. नाणं माझ्या हातातून निसटलं. बस, एवढंच."

कुणी हसलं नाही. डॉक्टर पुटपुटले, "निसटलं. म्हणजे... निसटू दिलं."

"वा!" कॅशियरने वही काढली. "आपण दडवण्याच्या मागे, आणि हे सोडून देतात! किती उंचीवरून?"

"अहो, चुकलं माझं!"

"चुकल्यासारखं वाटलं पाहिजे, बरोबर," कॅशियरने लिहून घेतलं. डॉक्टर त्याला उंची सांगू लागले. दोघांचा अबोला सुटला. अर्ध्या तासात तिघेही एकमेकांच्या पायांवर नाणी पाडत होते. मास्तर तेवढे चष्मा पुसत बसले होते.

सोमवारी दुपारी मास्तर दुकानात आले. स्टूल ओढून बसले.

"नाणं चिंध्यांवर पडलं होतं," ते म्हणाले. "टेबलाखाली कापडाचा एवढा कचरा, आवाज कसा येणार? माझ्या बुटाशेजारी पडलं. मी वाकलो, उचललं, दुमडीत सरकवलं."

घड्याळजींच्या डोळ्यावरचं भिंग गळून काउंटरवर पडलं. "तुम्ही? पण का?"

"तुमचा चेहरा बघवेना. आणि दुसरं म्हणजे..." मास्तरांनी स्टूल जरा पुढे ओढलं. "तीस वर्षं मी पत्ता उचलायला हात पुढे केला की सगळ्यांचे डोळे त्या हातावर असतात. नाक खाजवायची चोरी झालीय मला. त्या दिवशी मी चार जादूगारांच्या देखत अख्खा कंबरेतून वाकलो, आणि एकालाही दिसलं नाही. सगळे तुमची फजिती बघत होते. घड्याळजी, आयुष्यातली माझी सगळ्यात उत्तम हातचलाखी ती. आणि कुणाला सांगताही येत नाही."

घड्याळजींना एकदम हसू आलं, आणि आठवडाभराचा शीण त्या हसण्याबरोबर उतरला. "मग संमेलनात?"

"दोघं जाऊ. मी तुमच्या शेजारी बसेन. तुम्ही फक्त नाणं पाडायचं, परवाच्यासारखं अगदी गबाळेपणाने. पुढचं माझ्याकडे. चला, एकदा करून बघू."

मास्तर काउंटरच्या कडेला वाकून सज्ज झाले. घड्याळजींनी नाणं डाव्या मुठीत टाकल्यासारखं केलं आणि उजवा हात सैल सोडला. नाणं पडलं नाही. त्यांनी हात हलवला, झटकला. चार महिने आणि वर आठ दिवसांच्या सरावाने तळहात असा काही तयार झाला होता, की नाणं आता हलायचं नाव घेईना.

"पाडताय ना?" खालून आवाज आला. "माझी कंबर धरली."

"प्रयत्न करतोय हो."

तेवढ्यात एक बाई भिंतीवरचं घड्याळ काखोटीला मारून दुकानात शिरल्या. काउंटरजवळ ओणवे झालेले मास्तर बघून त्या थबकल्या.

"काय हो, काही हरवलंय का?"

"अजून नाही," मास्तर खालूनच म्हणाले.