घाडीकाकांचा कौल

घाडीकाका लॉटरीचं स्क्रॅच तिकीट घेण्याआधी त्याचा वास घेतात. हुंगल्यासारखं करत नाहीत, चांगलं नाकाशी धरून, डोळे मिटून घेतात. मग तिकिटाची कड अंगठ्याने जरा वाकवून खालून बघतात. खाली काय दिसतं, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "कल्ले बघतंय. सायबानू, तिकीट नि बांगडो सारखोच. वरसून चकचकता तो घेव नये."

आखातातल्या मुसफ्फ्यात आमच्या कंपनीचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. घाडीकाका तिथले स्टोअरकीपर. वय साठीला टेकलेलं, गाव मालवणच्या बाजूचं. नट, बोल्ट, वेल्डिंग रॉड, ग्राइंडरच्या चकत्या, सगळं त्यांच्या ताब्यात. मी त्याच कंपनीत एस्टिमेशनला. म्हणजे जिने, रेलिंग, शेड यांचे भाव काढतो. एसीत बसतो आणि पुण्याचा असल्यामुळे आजूबाजूच्या लोकांच्या अकलेचेही भाव काढतो. हे दुसरं काम मला कंपनीने दिलेलं नाही.

नाक्यावरच्या मल्याळी शेठच्या दुकानात ही तिकिटं मिळायला लागली आणि दर शनिवारी सुट्टी झाल्यावर आमची वरात तिकडे निघू लागली. मी, घाडीकाका आणि फिटर शिंदे. तिघांत मिळून एक तिकीट, पाच दिरहॅमचं, म्हणजे सव्वाशे रुपयांचं. शेठने वरचं तिकीट काढून दिलं की काका ते परत सरकवायचे. "सेठ, ये कल का माल है. पीछे से निकालो." शेठ सुरुवातीला चिडायचा. तिकिटं सगळी एकाच दिवशी छापलेली असतात, हे त्याने मल्याळममध्ये, हिंदीत आणि शेवटी हातवारे करून सांगून पाहिलं. आता तोही सुधारलाय. काका दिसले की तिकिटं काउंटरवर पसरतो आणि स्वतःच ओरडतो, "फ्रेश, काका, एकदम फ्रेश!" मागे गिऱ्हाईकं खोळंबतात. एक पाकिस्तानी ड्रायव्हर एकदा वैतागून म्हणाला, "चाचा, यल्ला, चलो! शादी थोडी करनी है इससे." काकांनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

आजवरचं आमचं सगळ्यात मोठं बक्षीस पन्नास दिरहॅम. त्याची आम्ही तिघांनी तळलेली सुरमई खाल्ली. काकांनी ती सुरमईही शिळी ठरवली.

पण वास आणि कल्ले ही नंतरची गोष्ट. तिकिटं सात रंगांची येतात, आणि त्यातला कुठला रंग घ्यायचा हे ठरवणं माणसाच्या हातात नाही, असं काकांचं ठाम मत. ते देवाने ठरवायचं. त्यासाठी शनिवारी जेवणाच्या सुट्टीत स्टोअरमध्ये कौल लागायचा.

ज्यांना कोकणातला कौल ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवाला ओल्या पाकळ्या नाहीतर तांदळाचे दाणे चिकटवायचे, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि प्रश्न विचारायचा. उजवा आधी पडला तर होय, डावा पडला तर नाही. गावी त्यासाठी पाषाणाची मूर्ती असते. मुसफ्फ्यात काकांकडे ग्रामदेवतेचा काचेच्या फ्रेममधला फोटो होता. तो एरवी वॉशरच्या खोक्यांमागे असायचा. तांदूळ मात्र केरळचा लाल, उकडा. "बासमतीक चिकटूक येणा नाय," काका म्हणायचे. "ता भात शेखांचा. आमच्या देवाक उकडोच होयो."

फोटो भिंतीला टेकवून, डोक्याला रुमाल बांधून, काका गाऱ्हाणं घालायचे. "बा देवा म्हाराजा! आज ही तीन लेकरां तुझ्या पायाशी उभी असत!" आम्ही मागून म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" "कोणाची वाकडी नदर असात, कोण आडो येत असात, तर तेका बाजूक कर म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" मग दाणे लागायचे आणि एकेका रंगाचं नाव घेऊन विचारणा व्हायची. सुपरवायझर एकदा दारात येऊन थबकला. त्याला वाटलं सेफ्टी मीटिंग चालू आहे.

मी हे सगळं घरी रंगवून सांगायचो. बायको हसायची. माझी मुलगी आर्या अकरा वर्षांची आहे. ती हसायची नाही. "But he really believes it, Baba," म्हणायची. मी म्हणायचो, अगं, म्हणूनच तर गंमत.

आता जे सांगायचं आहे ते मी घाडीकाकांना अजून सांगितलेलं नाही. इथे लिहितोय, कारण काका पुस्तकं वाचत नाहीत. यावरून माझ्या धैर्याची कल्पना यावी.

मार्च महिन्यातल्या एका शनिवारी मला आणि शिंदेला एक युक्ती सुचली. खरं तर मला सुचली, शिंदे फक्त हसला. काका माल उतरवून घ्यायला बाहेर गेले होते. मी ऑफिसातली गोंदाची कांडी आणली, फोटोच्या काचेवर उजव्या बाजूला हलकेच फिरवली आणि फोटो होता तसा ठेवला. म्हणजे उजवा दाणा पडणारच नाही. डावाच पडेल, प्रत्येक वेळी. देव लाल रंगाला नाही म्हणेल, हिरव्याला नाही म्हणेल, सातही रंगांना नाही म्हणेल, आणि काकांचा चेहरा बघण्यासारखा होईल. एवढाच बेत होता.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही गंभीर तोंडं करून उभे राहिलो. काकांनी रुमाल बांधला. दाणे लावले. पण त्या दिवशी त्यांनी मोठ्याने काहीच विचारलं नाही. हात जोडून, डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत बराच वेळ बोलत राहिले. मला हसू आवरेना, म्हणून मी शिंदेच्या पायावर पाय दिला.

डावा दाणा पडला.

काकांनी डोळे उघडून खाली पडलेल्या दाण्याकडे पाहिलं. मग तो उचलला, खिशात ठेवला आणि फोटो परत खोक्यांमागे सरकवला. "खलास," म्हणाले. "आज तिकीट नको."

"काका, रंग तरी विचारा," मी म्हणालो. मला माझा खेळ पुरा बघायचा होता ना.

"नको. आज माझाच एक काम होता. ता झाला."

आमचा विरस झाला. संध्याकाळी मी गुपचूप जाऊन काच ओल्या फडक्याने पुसून टाकली. घरी नेहमीसारखा किस्सा सांगितला, पण त्याला शेवट नव्हता, त्यामुळे कोणी फारसं हसलं नाही. आर्या तेवढी म्हणाली, "That's mean." मी तिला म्हटलं, जेव गप्प. पुढच्या शनिवारपासून कौल पुन्हा रीतसर सुरू झाला, शेठ पुन्हा "फ्रेश, फ्रेश" ओरडू लागला, आणि मी ती गोष्ट विसरूनही गेलो.

एप्रिलच्या अखेरीस एका सकाळी घाडीकाका माझ्या केबिनच्या दाराशी आले. सेफ्टी शूज बाहेर काढून मोज्यांवर आत आले. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर कुंकू.

"सायबानू, तुमच्याकडे वायफाय बरा चलता. जरासो माझो फोन धरशात काय? माका दोनय हात होये."

"काय आहे काका?"

"चेडवाचा लगीन आसा आज."

काकांना मुलगी आहे हे मला ठाऊक नव्हतं. सहा वर्षं एका छपराखाली काम करतोय आणि मी त्यांच्या नाकाचे, बांगड्याचे, रुमालाचे किस्से घरोघर वाटले होते. घरी कोण आहे, हे विचारलंच नव्हतं. बायको बाळंतपणातच गेली, मुलगी आजोळी मामा-मामींनी वाढवली, हे त्यांनी फोन लागेपर्यंतच्या दोन मिनिटांत सांगितलं. सांगताना कॉलर सारखी करत होते.

फोन लागला. मंडपातला गोंगाट आला, मग मुंडावळ्या बांधलेली एक मुलगी. शेजारी नवरा. काकांनी दोन्ही हात उचलले, पण आशीर्वाद देण्याआधी तीच बोलली.

"बाबा, कित्याक नाय इलंस?"

"बाय गो, कामाचो लोड..."

"खोटा सांगा नको. मामान तुका विमानाच्या तिकिटाचे पैसे धाडतंय म्हटल्यान, ता पण तू नको म्हटलंस. आज मुहूर्त भरत इलो तरी मामा कन्यादानाक बसूक तयार नाय. म्हणा होतो, बापूस येतलो, ह्यो मान तेचो."

मी फोन धरून उभा होतो आणि माझं लक्ष अजून अर्धं समोरच्या कोटेशनवर होतं. पुढचं ऐकलं आणि मग दुसरं काही दिसलं नाही.

"मी देवाक इचारललंय गो," काका म्हणाले. "म्हटलंय, हेका वाढवल्यानी मामा-मामीन. मी नुसते पैसे धाडलंय. आता ऐन मंडपात जावन मध्येच उभो रवलंय तर त्येंचो मान जायत. जाव काय नको? मार्चात कौल लावलंय. डावो दाणो पडलो. देवान नको म्हटल्यान, बाय. मी काय करतलंय?"

मुलगी रडायला लागली. फोन तिरका झाला होता. काकांनी माझं मनगट धरून फोन सरळ केला आणि "सॉरी हां, दुखला काय?" असं मलाच विचारलं. मला इतकी लाज वाटली की जमीन दुभंगावी. मी तेव्हा सांगायला हवं होतं. काका, तो देव नव्हता, मी होतो. एका वाक्याचं काम. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, पण मी साहेब होतो, फोनवर वऱ्हाडी मंडळी होती, आणि मी गप्प बसलो.

नवरा-नवरीने वाकून हात जोडले. काकांनी पुन्हा दोन्ही हात उचलले आणि अर्ध्यावरूनच खाली घेतले. मग त्यांनी माझ्या हातातला फोन माझ्याकडे वळवला.

"ह्ये आमचे सायब," म्हणाले. "माझे घरचेच. सायबानू, माझ्या जाग्यार तुमीच देवा आशीर्वाद."

पडद्यावर ती दोघं अजून वाकलेली होती. मुलगी डोळे पुसत म्हणाली, "दादा, बाबांका तुमी आसात म्हणान बरा वाटता."

मी हात वर केला आणि तिच्या बापाच्या जागेवरून म्हटलं, "सुखी राहा."