मधल्या भिंतीतली वायर

विजेला नातंगोतं कळत नाही, असं विज्ञान सांगतं. देगलूरच्या एका गल्लीतल्या दोन घरांत हे विज्ञान एकोणीस वर्षं बंद पडलं होतं आणि कुणी तक्रारही केली नव्हती.

प्रकरण उघडकीला आलं ते एसीमुळे. अमृतरावांची मुलगी अक्षरा पुण्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं हा रिवाज, पण तिने फोनवर स्पष्ट सांगितलं, "आई, एप्रिलमधे देगलूरला एसीशिवाय मला जमणार नाही. सासूबाई म्हणतात, इथंच राहा."

जगदेवींनी फोन ठेवला आणि नवऱ्याकडे वळल्या. "पहिलं बाळंतपन सासरी झालं तर सोयरे काय म्हनतील? एसी आना."

अमृतरावांनी एसी आणला. लाइट ऑफिसातल्या साहेबांनी कागद पाहून सांगितलं, की या घराला मंजूर भार आहे तो चार बल्ब, दोन पंखे आणि एका रेडिओपुरता. भार वाढवायचा तर टेस्ट रिपोर्ट पाहिजे. म्हणजे घरातलं वायरिंग ठीक आहे असं परवाना असलेल्या कंत्राटदाराने सही-शिक्क्यानिशी लिहून द्यायला पाहिजे.

गावातले बाकीचे कंत्राटदार चहाच्या टपरीवर बसून सही करत. महांतेश घर बघून करायचा. त्यामुळे त्याच्याकडे कामं कमी होती आणि वेळ भरपूर होता. तो आला, मेन स्विच खाली ओढला, टेस्टर घेऊन घरभर फिरला आणि न्हाणीच्या दारात थबकला.

"काका, मेन बंद हाय न्हवं?"

"हाय की."

"मग न्हानीतला बल्ब कशावर चालू हाय?"

अमृतराव माळवदाच्या तुळया मोजायला लागले. महांतेशने मेन पुन्हा चालू केला आणि बैठकीच्या कोपऱ्यातलं काळं, पितळी दांडीचं बटण खाली केलं. काहीच लागलं नाही. मात्र भिंतीपलीकडून बाईमाणसाचा आवाज आला, "अगं बाई, भर दुपारी देवघरातला दिवा कसा लागला? भावजींचं काय बिनसलं आज?"

पलीकडे अमृतरावांचे धाकटे भाऊ हणमंतराव राहत. आवाज त्यांच्या बायकोचा, पार्वतम्माचा.

घर एक होतं तेव्हा, अठ्ठ्याहत्तर साली, गफूर वायरमननं सगळ्या घराची फिटिंग केली होती. वडील, म्हणजे बापू, गेल्यावर वाटणी झाली. भांडी वाटली, बाजा वाटल्या, परसातल्या लिंबाची सावलीसुद्धा पंचांनी सकाळची आणि दुपारची अशी वाटून दिली. पण वायरिंग हा शब्द वाटणीच्या कागदात कुणालाच सुचला नाही. मधे भिंत उठली, वायर आत राहिली. देवघर धाकट्याकडे गेलं, त्याचं बटण थोरल्याकडे राहिलं. न्हाणी थोरल्याकडे आली, तिचं बटण धाकट्याच्या उशाशी राहिलं. पुढे दोन मीटर झाले तरी हे तसंच चाललं. लिंबाच्या सावलीवरून भावांचं बोलणं त्याच आठवड्यात बंद पडलं. पण दिवेलागणीला अमृतराव बटण खाली करत आणि पलीकडे देव उजळत. पहाटे पाचला हणमंतराव बटण खाली करत आणि इकडे अंधारी न्हाणी दिवसभर उजळे.

"म्हंजे पाचला तुम्ही लावत नव्हता?" जगदेवींनी विचारलं.

"मी पाचला उठतो का कधी?"

"मंग एकोणीस वर्सं मी तुमचं कौतुक करून राहिले ते कशाचं?"

महांतेशने वही मिटली. "ह्याच्यावर सही करता येत न्हाई, काका. एकाच्या मीटरची लाइट दुसऱ्याच्या घरात. उद्या कुनी मेन बंद हाय म्हनून वायरला हात लावला, तर थेट वर. तोडावी लागती. आन् दोनी मेन एकदम बंद पाहिजेत."

"तोडलीच पाहिजे का?" अमृतरावांनी बटणाच्या पितळी दांडीवर बोट ठेवत विचारलं.

"न्हाई तोडली तर लेक येत न्हाई," जगदेवी म्हणाल्या. विषय संपला.

निरोप घेऊन महांतेशच पलीकडे गेला. थोड्या वेळाने हणमंतराव टोपी सावरत आले आणि उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले.

"महांतेश, ह्यांना इचार, वायर कुठून गेलीय ते ठावं हाय का. उगं माझी भिंत फोडू नका."

"त्याला सांग, माझी बी भिंत हाय ती. वायर माळवदावरून गेलीय. मी सोता धरली होती."

"त्यांना म्हनाव, त्यांनी फक्त शिडी धरली होती. वायर म्या धरली होती."

"शिडी धरली म्हनून तर गफूर वाचला."

"कशाचा वाचला. पडला की तो हळदीच्या पोत्यावर. म्हनूनच वायर वरून न नेता खालून घेतली, अण्णा. आठवंना का तुम्हाला?"

महांतेश मधल्या मधे मान वळवायचा थांबला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा 'अण्णा' आलं होतं, पण म्हणणाऱ्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"पिवळा झाला होता गफूर पायापासून डोक्यापर्यंत," अमृतराव म्हणाले. "लोकं इचारायची, लगीन कुनाचं हाय म्हनून."

"आन् बापूंनी त्या रातच्याला पहिला बल्ब बंद करू दिला न्हाई."

"घरी आलेल्या लक्ष्मीला जा कसं म्हनावं, म्हनले. सगळी गल्ली बसली होती बल्बखाली. आपल्याला झोप न्हाई."

"तुम्ही झोपलाव की माझ्या मांडीवर."

"मी थोरला. मी कशाला झोपतो तुझ्या मांडीवर?"

यावर बराच वाद झाला. तेवढ्यात महांतेशने दोन्ही मेन बंद केले, भिंत खालून फोडली आणि वायर तोडली. हळदीच्या पोत्याजवळ, म्हणजे जिथे ते पोतं होतं तिथे, ती निघाली. दोन्हीकडे नवी बटणं बसली आणि टेस्ट रिपोर्टवर सही झाली.

दिवेलागणीला अमृतराव कोपऱ्यापर्यंत गेले. तिथे आता नुसता भोकं बुजवलेला गिलावा होता. मग चपला घालून ते पलीकडे गेले, देवघरातला दिवा स्वतः लावला आणि चहा पिऊन परत आले. रोज जाऊ लागले. पहाटे पाचला हणमंतराव दार वाजवून न्हाणीचं बटण खाली करून जात. जगदेवींची झोपमोड व्हायची, पण धाकट्या दिराला हक्कानं बोलता येईना, अजून तेवढी ओळख वाढली नव्हती.

रिपोर्ट झाला हे कळताच अक्षरा आली. लाइट ऑफिसाने भार मंजूर करायला त्याच्या रीतीप्रमाणे वेळ घेतला. एप्रिलमधल्या एका शुक्रवारी संध्याकाळी एसी सुरू झाला, सगळं घर खोलीत जमलं, हणमंतरावांनी हात पुढे करून गार वारा तपासला. तासाभराने अक्षराला कळा सुरू झाल्या. शनिवारी पहाटे मुलगी झाली.

चौथ्या दिवशी बाळंतीण दवाखान्यातून घरी आली. दोघी जावांनी तिला खोलीत घेतलं, खिडकीला घोंगडं लावलं, बाजेखाली ओव्याची शेगडी ठेवली, तिच्या कानाला गच्च रुमाल बांधला.

"आई, बाहेर त्रेचाळीस आहे. एसी लाव ना."

"बाळंतिनीला वारं लागतं बाई," जगदेवी म्हणाल्या.

सव्वा महिना त्या खोलीत पंखासुद्धा लागला नाही.