सावीची परीक्षा

"तहसील कचेरीत एवढे साहेब आले नि गेले, एकेकाला मी वळण लावलं. त्यापुढे कुत्र्याचं पिल्लू म्हणजे काय!" असं नागावात घरोघर सांगून निवृत्त अव्वल कारकून बाबाजी तांबे यांनी सावीला घरी आणलं.

सावी म्हणजे लॅब्राडोर जातीचं, लोण्याच्या गोळ्यासारखं पिल्लू. पुण्याची एक संस्था अंध माणसांना वाट दाखवणारी कुत्री तयार करते. त्याआधी वर्षभर पिल्लाला कुणाच्या तरी घरी ठेवून गर्दीची, बाजाराची, एसटीची सवय लावायची. मग परीक्षा. पास झालं तर संस्थेकडे परत, नापास झालं तर सांभाळणाऱ्याकडेच कायमचं.

पहिल्याच आठवड्यात साहेबांना वळण लावणाऱ्याची चप्पल, टोपी आणि छत्रीची मूठ सावीने चघळून टाकली. पण बाबाजी चिवट माणूस. सावी शिकली. संस्थेचा निळा कोट घालून ती ऐटीत निघाली की बाया विचारत, "काका, हिला थंडी वाजते व्हय?"

तांब्यांना मूलबाळ नव्हतं. कोकिळाबाई दिवसभर सावीशी बोलत बसायच्या. भाजी काय करू, आज पाय फार दुखतात, समोरच्यांची सून कशी आहे, सगळं. एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोला इतकं बोलताना बाबाजींनी ऐकलं नव्हतं.

मग संस्थेतल्या जागृतीचा फोन आला. शुक्रवारी अलिबागच्या मासळी बाजारात परीक्षा. पास झाली तर सावीला तिथूनच घेऊन जाणार.

फोन ठेवला आणि कोकिळाबाईंचं बोलणं आटलं. भाकरी थापता थापता हात मध्येच थांबे आणि तव्यावरची करपून जाई. दोन दिवस करपलेली भाकरी मुकाट्याने खाल्ल्यावर, जन्मात कधी नियम न मोडलेल्या बाबाजींनी लबाडी करायचं ठरवलं. शुक्रवारी त्यांनी पँटचे दोन्ही खिसे सुक्या बोंबलांनी भरले. सावी खिशावर तुटून पडली की नापास!

बाजारात जागृती चार पावलं मागून चालत होती, कोकिळाबाई तिच्या मागे. सावीने खिशाकडे ढुंकून पाहिलं नाही. पाहिलं ते अलिबागच्या भटक्या कुत्र्यांनी. आधी एक आलं, मग त्याचे भाऊबंद आले. बाबाजी "हाड, हाड" करत मागे सरकले, एकाने खिसा दातांत धरला, आणि वरातीतल्या नवरदेवाने बैठक मारावी तसे बाबाजी सोनूबाई कोळणीच्या करंदीच्या टोपलीत जाऊन बसले.

"आरं माज्या करमा," सोनूबाई म्हणाली, "मानूस हाय का बोंबलाचा बोचका?"

सावीचा पट्टा हातातून सुटला होता. ती पळाली नाही. सांडलेल्या करंदीला तिने नाकही लावलं नाही. कुत्र्यांच्या आणि बाबाजींच्या मध्ये येऊन ती शांत उभी राहिली, त्यांनी पाठीवर हात टेकून उठेपर्यंत तशीच.

जागृतीने डोळे पुसले. "काका, अशी कुत्री आम्हाला क्वचित मिळते. काय सुंदर शिकवलंत हो तुम्ही."

कचेरीत कुणी असं म्हटलं असतं तर बाबाजी गावभर सांगत हिंडले असते. आज त्यांनी पट्टा जागृतीच्या हातात दिला. सावी गाडीत बसली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली.

एसटी स्टँडवर तासभर झाला तरी नागाववरून जाणाऱ्या रेवदंड्याच्या गाडीचा पत्ता नव्हता. बाबाजींच्या वासाने आजूबाजूची बाकडी रिकामी झाली होती. कोकिळाबाई मात्र शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, सकाळी मी तिला खायला घातलं नाही. म्हटलं, भुकेली असली की मासळीवर झडप घालेल." मग पदर तोंडाला लावून, "तशीच गेली हो उपाशी."

बाबाजींनी घाईने फोन लावला. "जागृती, वाटेत सावीला खायला घाल. ती उपाशी आहे."

"वडखळला थांबलोय, काका. वाटी समोर ठेवलीय, पण तोंड लावत नाही. तुमच्या हुकमाची वाट बघत असेल. फोन तिच्या कानाशी धरते, तुम्ही सांगा."

बाबाजी उभे राहिले. सगळा जीव गोळा करून ते म्हणाले, "खा!"

समोर वडापाव हातात धरून उभा असलेला माणूस दचकला. त्याने एकदा बाबाजींकडे पाहिलं, आणि मुकाट्याने घास घेतला.