थेंबाची अट

“गाडीतल्या ओट्यावर चहाचा काठोकाठ भरलेला कप ठेवीन,” बायकोनं अट घातली. “उताराच्या टोकापर्यंत गाडी न्यायची. आज एक थेंब जरी सांडला, तर गाडी भंगारात. भंगारवाल्याला मी निरोपसुद्धा धाडलाय.”

घड्याळजींनी मान डोलावली. दुसरं करतात काय? घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यावर त्यांनी हौसेनं ही जुनी मोटार घेतली होती. आत पलंग, मोरी, चहापुरता ओटा. चाकांवरचं अख्खं घरच. त्यात बसून दोघांनी जग पाहायचं, असा बेत होता. पण गाडी हलली की पोटातून अशी खडखड सुरू व्हायची की जग राहिलं बाजूला, आपले दात जागेवर आहेत का तेच आधी चाचपावं लागे.

इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब लोखंडी शाफ्ट असतो. त्याच्या सांध्यातला क्रॉस, म्हणजे अधिकच्या खुणेसारखा जोड, झिजला होता. जन्मभर मुंगीच्या पायाएवढी चाकं बसवणाऱ्या माणसाला हा दांडा काढणं म्हणजे डाव्या हातचा मळ! डोळ्याला भिंग लावून घड्याळजी गाडीखाली शिरले. शाफ्ट होता तसाच परत बसावा म्हणून दोन्ही टोकांना खडूच्या खुणा केल्या, बोल्ट बशीत क्रमानं मांडले, आणि तो अवजड शाफ्ट खांद्यावर घेऊन बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

फक्त उतारावर उभ्या गाडीच्या चाकांना दगड लावायचे राहिले होते; एक चाक खळग्यात रुतलं होतं, तेवढाच आधार. उघडलेलं घड्याळ टेबलावरून पळून गेल्याचं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यात या गाडीचा हँडब्रेक जुन्या पद्धतीचा. तो चाकांना धरायचा नाही, शाफ्टला धरायचा. आणि शाफ्ट तर खांद्यावर!

नवऱ्याचा चेहरा पाहून बायकोला वाटलं, काम फत्ते. ती चहाचा कप घेऊन जपून पायरी चढली आणि तो ओट्यावर ठेवला. तेवढ्यानं गाडी किंचित डोलली, चाक खळग्यातून सुटलं, आणि घर निघालं.

आवाज नाही, धक्का नाही. खिडकीचे पडदे हलवत, रिकाम्या रस्त्याच्या मधोमध ते घर आपल्याच तोऱ्यात उतरत होतं. घड्याळजी तोंड वासून बघत राहिले. इतकी देखणी चाल! त्यांचा ऊर भरून आला. मग आठवलं, आत बायको आहे.

“अगं, थांबव! ब्रेक दाब!” ते धावत सुटले. शाफ्ट टाकून पळावं, हे काही सुचलं नाही. सुटा भाग हातातून खाली पडू द्यायचा नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा.

बायकोनं खिडकीतून डोकं काढलं. “अहो, काय सुरेख चाललीय! पण तुम्ही बाहेर, मग चालवतंय कोण?”

“कोणीच नाही!”

“अगंबाई!”

“पुढे जा! ब्रेक दाब!”

“मी हलले तर चहा सांडेल!”

उतार संपतो तिथं भंगारवाल्याचं आवार. सपाटीला येता येता गाडी मंदावली आणि त्याच्या फाटकापासून हातभर अंतरावर अलगद थांबली.

भंगारवाला वजनकाटा सोडून बाहेर आला. “काका, मी येणारच होतो की संध्याकाळी. स्वतःच आणलीत?” धापा टाकणाऱ्या घड्याळजींच्या खांद्याकडे त्यानं पाहिलं, मग वाकून गाडीच्या पोटात डोकावला आणि डोक्यावरची टोपीच काढली. “चालवणारं कोणी नाही, शाफ्टही नाही... आणि बरोबर दारात?”

“घेऊन जा बाबा,” घड्याळजी म्हणाले. “आज हिचा जीव गेला असता. मला नको ही गाडी.”

तेवढ्यात दार उघडलं. बायको पायरीवर आली. हातात कप, अजून काठोकाठ. तिघंही त्या कपाकडे बघत राहिले.

“मग काकू, गाडी आत घेऊ ना?” शेवटी भंगारवाल्यानं विचारलं.

“का म्हणून?” ती म्हणाली. “माझी अट थेंबाची होती. शाफ्ट आत हवा, असं मी कुठं म्हटलं होतं?” मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, “तो दांडा ठेवा आता खाली. चहा घ्या. गार झालाय, पण घ्या.”

घड्याळजींनी शाफ्ट ठेवून कप घेतला. धाप अजून ओसरली नव्हती; ओठाशी नेईपर्यंत अर्धा चहा सदऱ्यावर सांडला. त्यांनी दचकून बायकोकडे पाहिलं.

“आता सांडला तर चालतो,” ती म्हणाली.