विल्फच्या घरी दोनदा आलेला गुरुवार

यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव, चहा पाजते. नाहीच मानणार तू. विल्फच्या बायकोनंही मानला नव्हता.

आमच्या शेजारचा हा विल्फ म्हणजे रेडिओचा माणूस. गाण्यांचा नव्हे, बोलका रेडिओ. पहाटे शेतकऱ्यांशी बोलायला लागतो तो रात्री समुद्रातल्या जहाजांना वारा कुठून ते सांगून झोपतो. विल्फच्या घरात घड्याळ नाही की कॅलेंडर नाही. बातम्या लागल्या की चहा, नाटक लागलं की डुलकी. (नाटकाचा शेवट त्याला चाळीस वर्षांत ठाऊक नाही.)

बायको, म्युरिअल, आठवडाभर बहिणीकडे व्हिटबीला गेली. जाताना म्हणाली, "शुक्रवारी तीनच्या गाडीनं येते. स्टेशनवर उभा राहा. आणि घर मागच्यासारखं दिसलं तर उलट्या पावली बहिणीकडे जाईन, कायमची." विल्फनं मान डोलावली आणि पुरुषी बेत केला. सहा दिवस मनसोक्त घाण करायची, शुक्रवारी एका दमात धुवायची.

मधेच त्याला अवदसा आठवली. गुरुवारी संध्याकाळी चांगला चालता जुना रेडिओ चर्चच्या विक्रीला देऊन टाकला आणि शुक्रवारी पहाटे मुलीनं पाठवलेला नवा लावला. त्यात म्हणे कालचेही कार्यक्रम ऐकता येतात. मुलीनं चिठ्ठीत सगळं लिहिलं होतं. चिठ्ठी मांजराखाली होती. विल्फनं दिसलं ते बटण दाबलं, आणि आतला माणूस म्हणाला, "सुप्रभात. आज गुरुवार."

विल्फ परत पांघरुणात. अख्खा दिवस हातात होता की.

मेंढ्यांच्या खुरांचं दुखणं त्यानं काल ऐकलेलं, मुंग्यांवरचं प्रोफेसरांचं भांडणही ऐकलेलं. पण त्या रेडिओवर सगळंच दोन-दोनदा लावतात, मग शंका कसली यायची? दिवसभर पाऊस म्हणाले, बाहेर लख्ख ऊन. आमच्याकडे हवामान चुकलं म्हणून कुणी दचकत नाही.

दहाला त्यानं खिडकीतून पाहिलं तर गल्लीभर कचऱ्याचे डबे बाहेर. कचरा उचलतात शुक्रवारी. त्याला लोकांची दया आली. पायजम्यावर कोट चढवून निघाला आणि एकेकाचा डबा ढकलत ज्याच्या त्याच्या दारात नेऊन ठेवायला लागला. तिसऱ्या घरची थ्वेटबाई ॲप्रनला हात पुसत बाहेर आली.

"विल्फ, माझा डबा कुठं चालवलायस?"

"आत. आज गुरुवार आहे, बाई."

"शुक्रवार आहे मेल्या."

"रेडिओवर सांगितलं."

रेडिओवर सांगितलं म्हटल्यावर आमच्याकडे विषय संपतो. ती आत गेली आणि शुक्रवारच्या जेवणाला म्हणून काढलेला मासा गुपचूप फ्रीजरमध्ये परत ठेवला. मी खिडकीतच होते. सांगू शकले असते. हात हलवला आणि माझाही डबा नेऊ दिला.

अकराला गाडी आली. गल्ली चकाचक पाहून कचरावाले खूश झाले आणि न थांबता गेले. मग मात्र एकेक दार उघडायला लागलं. दुपारपर्यंत विल्फला जे ऐकावं लागलं ते कुठल्याच रेडिओवर लागत नाही. तो म्हणत राहिला, अहो उद्या येईल गाडी, उद्या.

नाटक लागलं, तो नेमानं झोपला. जाग आली ती टॅक्सीच्या दारानं. म्युरिअल बॅग घेऊन उंबऱ्यात. फलाटावरच्या वाऱ्यात पाऊण तास उभी राहून आलेली, केस चारी दिशांना. पुढ्यात सहा दिवसांची भांडी, आणि सुपाच्या पातेल्यात मांजर.

"एक दिवस आधीच आलीस?" विल्फ म्हणाला.

त्यानं बोटानं साक्षीदार दाखवला. आणि रेडिओही शहाणा, घसा खाकरून म्हणाला, उद्या, शुक्रवारी, ऐका बागकामाचे सवाल-जबाब.

"बघ," विल्फ म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

म्युरिअल पुढे आली. त्याला वाटलं, हात धरते. तिनं प्लग काढला, रेडिओ काखेत मारला आणि त्याच टॅक्सीत जाऊन बसली. बिचारा एका सपातीवर कोपऱ्यापर्यंत धावला.

मग तिचा मला फोन. त्याला सांग म्हणाली, येत्या रविवारी वेळेवर न्यायला आला तर येईन, ही शेवटची संधी. मी निरोप दिला. आता घरात रेडिओ नाही, गल्लीत कुणी त्याच्याशी बोलत नाही. रोज सकाळी कुंपणावरून रडवेला होऊन मलाच विचारतो, आज वार कोणता. मीही सांगते, मनाला येईल तो. रविवार समजून तीनदा व्हिटबीला जाऊन आला.

ऊठ, नीघ आता, नाहीतर त्याला खरा वार सांगून टाकशील. तो येतोय बघ विचारायला.