पावणेचार अंश डावीकडे

गोल्फच्या त्या काठीचा दांडा जिथे काठीच्या डोक्यात शिरत होता, तिथे अंगठ्याच्या नखाएवढ्या रुंदीचं एक काळं कडं होतं. कड्यावर आठ बारीक रेघा होत्या, आणि त्यातली एक काठीच्या डोक्यावरच्या पांढऱ्या खुणेसमोर आलेली होती. कडं एका घराने फिरवलं की दांडा केसभर वेगळ्या बाजूला झुके. केसभर म्हणजे नेमका किती, हे प्रयोगशाळेतल्या बाईंनी भिंगातून पाहून वहीत लिहिलं आणि मगच मान वर केली.

"झालं का?" दारात उभ्या असलेल्या संचालकसाहेबांनी विचारलं. काठी त्यांची होती. गोल्फमध्ये पहिला लांबचा फटका मारायला जी सगळ्यात मोठ्या डोक्याची काठी घेतात, तिला ड्रायव्हर म्हणतात, हे त्यांनी बाईंना सकाळपासून तीनदा सांगितलं होतं.

"मोजून झालं, सर. तुम्हाला नक्की काय हवंय?"

"सोप्पं आहे हो. माझा चेंडू जमिनीलगत जातो. त्याला उंची हवी. चेंडूला लागतं त्या तोंडाचा कल दोन अंशांनी मागे करा. बस्स."

ही प्रयोगशाळा मोजमापांची होती. कारखान्यांच्या मोजपट्ट्या, वजनं, कोनमापकं खरी आहेत की खोटी हे इथे ठरे. गोल्फची काठी इथे येण्याचं काहीच कारण नव्हतं. पण साहेबांच्या मोटारीच्या डिकीतून जे निघे ते प्रयोगशाळेचं काम ठरे. मागच्या महिन्यात त्यांच्या घरचा टोस्टर आला होता.

बाईंनी कडं फिरवलं, काठी मोजणीच्या सपाट टेबलावर टेकवली आणि पुन्हा मोजली. मग प्रमाणपत्र लिहिलं. इथला नियमच होता, प्रमाणपत्राशिवाय टाचणीसुद्धा बाहेर जायची नाही. शेवटच्या ओळीत त्यांनी लिहिलं : 'कल दोन अंशांनी वाढवल्यामुळे काठी टेकवून ठेवल्यास तोंड पावणेचार अंश डावीकडे वळते. वापरणाऱ्याने नोंद घ्यावी.'

मग तो कागद नेहमीप्रमाणे शेजारच्या केबिनमध्ये गेला. तिथे जे बसत त्यांचं नाव सगळ्यांनी 'होऊनजाईल' ठेवलं होतं, कारण कुठल्याही प्रश्नाला ते हेच उत्तर देत. विभागप्रमुखाची जागा चौदा महिने रिकामी होती आणि होऊनजाईल तिचा 'तात्पुरता कार्यभार' सांभाळत. सांभाळत म्हणजे सही करत. मोजायचं बाईंनी, डोळे फोडायचे बाईंनी, आणि कागदाच्या तळाशी ती ऐसपैस, शेपटीवाली सही होऊनजाईलांची. बाईंचं नाव कुठेही नसे. कायमचा विभागप्रमुख कोण, असं कुणी विचारलं की साहेब म्हणत, "बघू."

घरी सासूबाई रोज विचारत. त्या निवृत्त परिचारिका होत्या. "बोललीस का त्यांच्याशी?"

"बघते, आई."

"काय बघतेस? अगं, आम्ही साधं इंजेक्शन दिलं तरी सही ज्याने दिलं त्याची. दुसऱ्याने केली असती तर मेट्रननं उभं सोललं असतं. तुझा तो होऊनजाईल उद्या तुझ्या नावानं जेवेलसुद्धा!"

आपलं काम बोलेल, अशी बाईंची समजूत होती. चौदा महिने कामाने तोंडातून ब्र काढला नव्हता.

शनिवारी सरावानंतर साहेब थेट प्रयोगशाळेत आले. बुटांना चिखल होता.

"बाई, तुम्ही काय करून ठेवलंत? वीस चेंडू मारले. वीसच्या वीस डावीकडच्या नाल्यात! आणि उंची? उंची पहिल्याहून कमी!"

"प्रमाणपत्रात लिहिलं होतं, सर."

"प्रमाणपत्र कोण वाचतं?"

बाईंच्या आयुष्याची वीस वर्षं त्या न वाचल्या जाणाऱ्या कागदांवर गेली होती. त्यांनी काठी टेबलावर टेकवली.

"हे बघा. या कड्यानं तोंड वाकत नाही, फक्त दांडा वेगळ्या बाजूला झुकतो. म्हणून तुम्ही ती पूर्वीसारखी जमिनीवर चपखल टेकवलीत की तोंड डावीकडे बघतं. तशीच मारलीत तर चेंडू डावीकडे जाणार, आणि वरही नाही जाणार. ती जराशी उचलायची, हातानं तोंड समोर आणायचं, आणि मग मूठ आवळायची. तोंड समोर आणता आणता ते मागे कलतं. तुमचे दोन अंश तिथे आहेत."

"म्हणजे टेकवायचं नाही?"

"चपखल नाही."

"सोळा वर्षं टेकवतोय मी!" साहेबांचा आवाज चढला. "मी उंची मागितली होती. डावी बाजू मागितली होती का? न मागितलेली वस्तू का दिलीत?"

"ती वेगळी देता येत नाही, सर. दोन्ही एकाच कड्यातून येतात."

"होऊन जाईल सर," होऊनजाईल केबिनमधून म्हणाले. "काहीतरी मार्ग निघेल. बाई जरा ताणून धरतात."

बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. नाचता येईना अंगण वाकडं, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते चहाच्या घोटाबरोबर खाली ढकललं.

पुढचा आठवडा साहेबांनी स्वतःचा मार्ग काढला. चेंडू डावीकडे जातो ना, मग आपण उजवीकडे नेम धरायचा. केबिनमधल्या गालिच्यावर ते रोज दुपारी फाइलींच्या कपाटाकडे तोंड करून उभे राहत आणि खिडकीकडे जाणाऱ्या काल्पनिक चेंडूकडे समाधानाने पाहत. शुक्रवारपर्यंत त्यांचे पाय न सांगता उजवीकडे वळू लागले. जिना उतरतानाही.

होऊनजाईलांना हे ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की तोंड डावीकडे आहे आणि साहेब नाराज आहेत. शुक्रवारी साहेब बैठकीला गेले असताना त्यांनी काठीबरोबरची छोटी चावी घेतली, कडं सैल केलं आणि तोंड भरपूर उजवीकडे येईपर्यंत उलटं फिरवलं. त्याबरोबर कल कमी झाला, मूळचा होता त्याहूनही कमी. पण कल मोजायला लागतो, आणि मोजण्याची त्यांना सवय नव्हती. कुणाला सांगितलंही नाही. रविवारी साहेबांना सुखद धक्का बसेल, असा त्यांचा हिशेब होता.

धक्का बसला, पण प्रयोगशाळेच्या नियामक मंडळाच्या अध्यक्षांना, आणि तोही डाव्या घोट्याला.

रविवारी वार्षिक सामना होता. साहेबांनी सरावाप्रमाणे उजवीकडे नेम धरला, काठी चपखल टेकवली आणि सगळा जीव एकवटून मारली. उजवीकडचा नेम, उजवीकडे वळलेलं तोंड आणि नावालाही न उरलेली उंची. चेंडू गवत चाटत उजवीकडे सुटला, दोन खुर्च्यांखालून गेला आणि व्हरांड्यात चहा पीत बसलेल्या अध्यक्षांच्या घोट्यावर आदळून थांबला.

सोमवारी बाईंच्या टेबलावर मेमो होता. 'आपण केलेल्या सदोष मोजणीमुळे गंभीर प्रसंग उद्भवला. तोंडाची दिशा कोणाच्या लेखी परवानगीने बदलली, याचा खुलासा आजच करावा.'

बाईंनी तो दोनदा वाचला. सदोष! वीस वर्षांत त्यांची एक मोजणी परत आली नव्हती. एक! त्यांनी वही घेतली, कोनमापक घेतलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा दार न वाजवता साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या.

आत साहेब होते, होऊनजाईल होते, आणि खुर्चीवर पाय ठेवून अध्यक्ष. पायाला पट्टी, मांडीवर ती काठी.

"या बाईंनीच फिरवलं," साहेब म्हणाले.

"सर, तुम्ही परवानगीचं विचारलंय," बाई म्हणाल्या. "तोंड भूमितीच्या नियमानं वळलं. त्याला तुमची परवानगी लागत नाही. काठी द्या."

अध्यक्षांनी निमूट काठी दिली. बाईंनी ती साहेबांच्या टेबलावर फाइली बाजूला सारून टेकवली, मोजली, कड्यावरची रेघ पाहिली.

"ही मी दिली तशी नाही. माझ्या नोंदीत तोंड डावीकडे, पावणेचार अंश. आता ते तेवढेच अंश उजवीकडे आहे. मधे कुणीतरी कडं उलटं फिरवलंय."

होऊनजाईल खिडकीबाहेर पाहू लागले.

"प्रमाणपत्र आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

बाईंनी पुढे केलं. अध्यक्षांनी चष्मा लावून ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. त्या कागदाच्या नशिबात असा वाचक पहिल्यांदाच आला होता.

"इथे तर स्पष्ट लिहिलंय. खाली सही कुणाची?"

"माझी," होऊनजाईल म्हणाले.

"म्हणजे तोंड डावीकडे आहे हे तुम्ही स्वतः मोजलंत, स्वतः सही केलीत. मग साहेबांना सांगितलंत का नाही? आणि कडं कुणी फिरवलं?"

होऊनजाईलांनी मनात हिशेब मांडला. एका बाजूला मोजणी, दुसऱ्या बाजूला चावी. त्यातल्या त्यात हलकं ओझं त्यांनी आधी टाकलं.

"सर, मी मोजत नाही. सगळं बाई मोजतात. मी नुसती सही करतो. वाचतसुद्धा नाही, आईशप्पथ! चौदा महिन्यांत एकही कागद वाचलेला नाही. हवं तर विचारा यांना!"

साहेबांनी डोळे मिटले.

"एकही नाही?" अध्यक्ष म्हणाले.

"एकही नाही सर!" होऊनजाईल निरागसपणे म्हणाले. "कडं तेवढं मी फिरवलं. ते मात्र चांगल्या भावनेनं."

अध्यक्षांनी पाय दुसऱ्या खुर्चीवर घेतला आणि साहेबांकडे वळले. "विभागप्रमुख कोण आहे इथे?"

"तो निर्णय... विचाराधीन आहे सर. बघू आपण."

ते 'बघू' बाईंच्या डोक्यात कुठेतरी खटकन लागलं. आपण तरी काय केलं? चौदा महिने साहेबांनी 'बघू' म्हटलं आणि तितकेच महिने आपण घरी 'बघते' म्हटलं. एक वाक्य बस थांब्यावर, भाजी चिरताना, अंघोळीच्या पाण्याची वाट पाहताना मनातल्या मनात शंभरदा घोटून झालं होतं, आणि शंभरदा गिळून झालं होतं.

त्यांनी कोनमापक पेटीत ठेवलं. पेटीचं झाकण लावलं.

"तुम्ही सावकाश बघा, सर," त्या म्हणाल्या. "माझं बघून झालंय. आजपासून मी मोजलेल्या कागदावर सही माझी. नाहीतर मी मोजणार नाही."