टेलरमास्तरांचा टेप

"आजही तेवढाच!" भोपळ्यावरून टेप काढत टेलरमास्तर म्हणाले आणि परसातल्या ओल्या मातीत मटकन बसले.

"मातीत काय बसता? पँट मळेल," बायको दारातून म्हणाली.

"मळू दे गं. इतके दिवस झाले, बोटभरसुद्धा वाढला नाही. माझं तोंड काळं व्हायचंय, तिथं पँटचं काय घेऊन बसलीस?"

तोंड काळं व्हायची तजवीज मास्तरांनी स्वतःच करून ठेवली होती. वार्षिक भाजीपाला प्रदर्शनात सगळ्यात मोठ्या भोपळ्याची ढाल तीन वर्षं ओळीनं त्यांच्या मेव्हण्याने पटकावली होती. जेवायला आला की मेव्हणा म्हणायचा, "दाजी, तुमचं काम सुईदोऱ्याचं. मोठ्या वस्तू तुमच्या हाताला यायच्या नाहीत." गेल्या वर्षी हे ऐकून मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि चार पाहुण्यांदेखत ते बोलून बसले, "पुढच्या वर्षी ढाल माझी! नाहीतर तुझा भोपळा हातगाडीवर घालून मी स्वतः गावभर मिरवीन." मेव्हण्याने दुसऱ्याच दिवशी हातगाडी बघून ठेवली.

तेव्हापासून मास्तरांनी भोपळ्याचे पोटच्या पोरासारखे लाड केले. बायकोची गुलाबाची झाडं काढून ती जागा वेलाला दिली. वेलाला धरलेली बाकीची फळं खुडून टाकली, म्हणजे सगळी ताकद या एकाच्याच अंगी लागावी. रोज सकाळी दंवात भिजलेल्या भोपळ्यावरून, देठापासून जमिनीपर्यंत, ते टेप धरायचे. टेप उस्तादांनी दिलेला, कापडी, गळ्यात रुळून रुळून मऊ पडलेला. "माप कसं, कडक घ्यावं" हा उस्तादांचा मंत्र, म्हणून मास्तर टेप असा ओढायचे की भोपळ्याला बोलता येत असतं तर तो ओरडला असता. बायकोने आणलेला नवा टेप पाकिटासकट कपाटात पडून होता. "टेप बदलतो तो शिंपी कसला!" असं मास्तरांचं म्हणणं होतं.

भोपळा वाढत नाही म्हटल्यावर सल्ले मात्र भराभर वाढले. नर्सरीवाल्याने माती चिमटीत घेऊन सांगितलं, "पाणी फार होतंय. मुळं कुजत असतील." मास्तरांनी पाणी तोडलं. दुपारपर्यंत पानं माना टाकून पडली, तेव्हा घाबरून पुन्हा दिलं. मग शेजारचे निवृत्त प्राध्यापक परसाच्या भिंतीवरून म्हणाले, "उन्हानं साल कडक होते हो. मग आत कितीही जोर असला तरी वाढणार कुठं? सावली करा."

सावली म्हटल्यावर साधं पोतं टाकलं असतं तरी चाललं असतं. पण शिंप्याचा भोपळा पोतं पांघरणार? मास्तरांनी रीतसर माप घेतलं, दुकानात कापड बेतलं आणि अस्तर लावून, पुढे बटणं असलेला पांढराशुभ्र अंगरखाच शिवून आणला. तो चढवताना श्वास रोखावा लागला, अर्थात मास्तरांना. चार दिवसांत वरची दोन बटणं तुटून गुलाबाच्या रिकाम्या जागेत जाऊन पडली.

"अहो, घट्ट होतोय त्याला," बायको म्हणाली.

"कापड आटलंय."

"आणि परवा मुख्याध्यापकांचा कोट घट्ट झाला, तो?"

"तो माणूस सुटलाय. हल्ली सगळं गाव सुटलंय. माणसं फुगतात आणि भोपळा फुगत नाही, दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते असं!"

गाव सुटलंय ही मास्तरांची पक्की खात्री होती. ज्याची पँट घट्ट होई त्याला ते चष्म्यावरून बघत आणि जेवण आवरायला सांगत. न्हाव्याने भात सोडला होता, बस कंडक्टरने रात्रीचं जेवण. मास्तर मातीत बसले त्याच दिवशी तो कंडक्टर दुकान बंद बघून तडक घरी आला. गाल बसलेले, डोळे खोल गेलेले आणि पँटचा हूक लागत नाही म्हणून कमरेला सुतळी.

"मास्तर, डॉक्टरांकडून येतोय. अंगात रक्त नाही म्हणाले. खा म्हणाले, खा! वजन इतकं उतरलंय आणि तुमची पँट काय चढत नाही. आता मी आणखी कुठून बारीक होऊ?"

मास्तरांनी सवयीने त्याच्या कमरेला टेप लावला. "हे बघ, बरोबर आहे. याच मापाची शिवलीय." बायको आत गेली, नवा टेप घेऊन आली आणि तोच कंडक्टरच्या कमरेला लावला. माप वेगळं आलं, चांगलं जास्त. मग तिने दोन्ही टेप ओट्यावर शेजारी शेजारी पसरले. साठाच्या आकड्याला उस्तादांचा टेप नव्या टेपाच्या पुढे वीतभर निघाला.

मास्तरांनी दोन्ही टेप पुन्हा एकदा जुळवून पाहिले. रोज दंवात भिजवून, रोज कडक ओढून, भोपळ्याच्या बरोबरीने त्यांनी टेपही वाढवला होता. गिऱ्हाइकांची मापं या टेपाने घ्यायची आणि कापड बेतायचं ते टेबलाला ठोकलेल्या पितळी पट्टीवर. पट्टी काही ताणली जात नाही. म्हणजे गाव सुटलं नव्हतं, कापड आटलं नव्हतं. भ्रमाचा भोपळा तेवढा फुटला होता. मास्तरांना इतकी लाज वाटली की कंडक्टरला पाणी विचारायचंही सुचेना.

खऱ्या भोपळ्याला मात्र नवा टेप लावला तेव्हा मास्तरांची बोबडी वळली. तो फाटकाहून रुंद झाला होता. आणि प्रदर्शन दुसऱ्या दिवशी!

भिंतीवरून उचलून काढायचा तर दणकट माणसं हवीत आणि गावातल्या सगळ्या दणकट माणसांना मास्तरांनी जाडे म्हणून ठेवलेलं. नाइलाजाने ते दारोदार गेले. "चूक माझी. तुम्ही सुटलेले नाही. माझा टेप सुटलाय." माफी कोणी ऐकलीच नाही, मधलं वाक्य मात्र प्रत्येकाने दोनदा बोलायला लावलं. सकाळी कंडक्टर, न्हावी, मुख्याध्यापक, सगळे आनंदाने हजर झाले, मास्तरांनीच शिवलेल्या पँटी घालून.

"चला, एकदम! एक... दोन..."

तीनला भोपळा उचलला गेला आणि टर्र टर्र करत एकामागून एक सगळ्या शिवणी उसवल्या. पण गड्यांनी भोपळा सोडला नाही. तो भिंतीवरून टेम्पोत पोचला आणि मग सगळे पाठ भिंतीला लावून उभे राहिले.

ढाल मास्तरांना मिळाली. मेव्हणा हिरमुसून जवळ आला. "दाजी, खरं सांगा, खत कोणतं घातलंत?"

"खत कसलं? वाढत नाही म्हणून रोज उशाशी बसून रडत होतो," मास्तर म्हणाले. मेव्हण्याला ते खरं वाटलं नाही.

ढाल घ्यायला वाकताना मास्तरांच्याही कमरेशी काहीतरी तुटलं होतं. घरी आल्यावर, उसवलेल्या पँटी ओट्यावर टाकून गिऱ्हाइकं रांगेत बसलेली असताना, बायकोने नवा टेप त्यांच्याच कमरेला गुंडाळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आकडा मोठ्याने वाचला. वर्षानुवर्षं मास्तर अभिमानाने सांगत आलेल्या आकड्यापेक्षा तो बराच पुढे होता.

मास्तरांनी पोट आत घेतलं. "नवा टेप आहे," ते म्हणाले, "आटला असेल."